आमच्या वार्ताहराकडून

देऊळघाटात शिरल्यावर कोणालाही विचारा, जानरावांचं घर कुठं? आधी उलटा प्रश्न येईल, "कोनता जानराव? पेपरवाला?" हो म्हटलं की माणूस हात करून विहारामागची गल्ली दाखवील. चाळीस वर्षं झाली, गावानं त्यांना दुसरं नाव दिलं नाही. आणि गावाचं तरी काय चुकलं? सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून बुलडाण्याच्या गल्ल्या पालथ्या घालणारा माणूस पेपरवाला नाही तर काय कलेक्टर? पण घरात हा शब्द कोणी काढला की सिंधूताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, डोकं सटकायचं. हातातलं लाटणं आपटून त्या म्हणायच्या, "पेपरवाला म्हने! लिवत होते थे, लिवत!" समोरचा हसून सोडून द्यायचा. बायको नवऱ्याचं नाही कौतुक करणार तर कोण करणार?

पण सिंधूताई खरंच सांगत होत्या. १९८१ ते १९८६, पाच वर्षं, जानराव 'प्रॉव्हिन्स मेल' या नागपूरच्या इंग्रजी दैनिकाचे बुलडाणा जिल्ह्याचे वार्ताहर होते.

हा 'मेल' यंदा शंभर वर्षांचा झाला. इंग्रजाच्या राज्यात नागपूरच्या एका बॅरिस्टरनं तो काढला. वऱ्हाडातल्या कापसाचं गाऱ्हाणं गोऱ्या कमिशनरला त्याच्याच भाषेत ऐकवायचं, हा हेतू. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांना इंग्रजीचा एक शब्द कळत नसे, पण उलटी अक्षरं डोळे मिटून ओळखायचे. बेचाळीसच्या साली छापखान्याला दोनदा टाळं लागलं, दोनदा निघालं. इंग्रज गेला, त्याच्या खुर्चीत आपले साहेब बसले, आणि साहेबाला सकाळी चहाबरोबर इंग्रजी पेपर लागतोच. पुढं नागपूरची राजधानी गेली, सरकार मुंबईला गेलं, पण 'मेल' जागचा हलला नाही. वऱ्हाडासाठी त्याची वेगळी डाक आवृत्ती निघे. ती संध्याकाळीच छापायची, वर उद्याची तारीख टाकायची आणि गाडीत चढवून द्यायची. पहाटे नांदुऱ्याच्या टेशनवर गठ्ठा उतरे, तिथून एस.टी.च्या टपावरून बुलडाण्याला. साऱ्या बुलडाण्यात प्रती तेवीस. कलेक्टर, एसपी, जज्जसाहेब, कॉलेजची लायब्ररी, चार वकील, डॉक्टर आणि असेच काही.

आता तेवीस प्रतींसाठी एक एजंट आणि एक वार्ताहर असे दोन जण कोण पोसणार? 'मेल'ची जुनी रीत होती, जिल्ह्याला माणूस एकच. सकाळी त्यानं पेपर वाटायचा, दिवसभर बातमी हुडकायची आणि संध्याकाळी ती पाकिटात घालून गाडीच्या गार्डाच्या हाती द्यायची. कागदावर नेमणूक एजंटची. वार्ताहरपण तोंडी. जानराव तेव्हा नुकते बी.ए. झालेले, वय बावीस. बाप दुसऱ्याच्या वावरात राबणारा, पण पोराला सांगून ठेवलेलं, इंग्रजी सोडू नको. कॉलेजच्या लायब्ररीत पोरानं इंग्रजीचा फडशा पाडला होता. नागपूरला जाऊन त्यांनी वृत्तसंपादक शालिग्राम साहेबांना दोन पानं लिहून दाखवली. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "उद्यापासून पाठवा. पण एक लक्षात ठेवा, आमच्याकडे बातमीवर नाव पडत नाही. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. नाव पेपरचं मोठं."

दुसरा कोणी हिरमुसला असता. जानराव खूश झाले! का, ते सांगतो. बुलडाण्यातल्या मराठी साप्ताहिकात त्यांनी आधी दोनदा लिहून पाहिलं होतं. लेखाखाली नाव, नावापुढं आडनाव, आणि आडनाव वाचलं की वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी. 'अस्सं, यांचा आहे होय!' म्हणत मजकुरावरून नुसती नजर फिरवायची आणि पान उलटायचं. इथं नाव नाही म्हणजे जात नाही. शब्द जसे असतील तसे उभे. गठ्ठा घेऊन जानराव कलेक्टरच्या बंगल्यावर जायचे, साहेब व्हरांड्यात बसून त्यांचीच बातमी मोठ्यानं वाचायचे आणि बाईसाहेबांना म्हणायचे, कोणी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला दिसतो. एकदा तर साहेबांनी सरळ विचारलं, "अरे, हा तुमचा वार्ताहर कोण आहे रे?" जानराव पायरीखाली उभे. म्हणाले, "मालूम नाही साहेब, मी तं पेपर वाटतो." आणि सायकल दामटत घरी आले ते सिंधूताईंना सांगून सांगून हसले. पाच वर्षं हा माणूस असा आतल्या आत हसत होता. कोणाला नसेल असं सुख होतं त्यांना.

मग आला शहाऐंशीचा उन्हाळा. विहिरी आटल्या, सरकारनं टँकर लावले. उंद्री गावाच्या पलीकडं मजुरांची एक वस्ती होती, सारी बौद्धांची घरं. तिथं ठेकेदार उत्तमरावाचा टँकर यायचा. एका मंगळवारी टँकरचं पाणी प्यायली आणि वस्ती वांत्यांनी आडवी झाली. तीन दिवसांत चार जीव गेले. त्यातली एक जयमाला, नऊ वर्षांची, जनकाबाईची एकुलती एक पोरगी. सरकारी कागदावर लिहिलं, गॅस्ट्रो, वस्तीतली अस्वच्छता. म्हणजे मेले ते मेले, वर घाणेरडेही ठरले!

जानराव वस्तीत गेले. जनकाबाई रांजणाजवळ बसली होती. म्हणाली, "भाऊ, पान्याले वास येत होता. कपाशीवर औषद मारतेत ना, तसा." जानरावांनी रांजणातलं उरलेलं पाणी बाटलीत घेतलं आणि कॉलेजातल्या रसायनाच्या प्राध्यापकाकडं नेलं. मग उत्तमरावाच्या गॅरेजवर जाऊन, ड्रायव्हर जेवायला गेला तेवढ्यात, टँकरवर चढून झाकणातून आत डोकं घातलं. खाली उतरून भिंतीला धरून ओकले. आठ दिवस आधी त्याच टँकरमधून कीटकनाशक वाहून नेलं होतं. ठेकेदारानं टँकर धुतलासुद्धा नव्हता. चौघांची नावं, वयं, पाण्याचा अहवाल, टँकरचा नंबर, सगळं जानरावांनी दोन पानांत लिहिलं आणि नांदुऱ्याला गार्डाच्या हातात दिलं. तिसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापून आलं. आमच्या वार्ताहराकडून.

काय गहजब झाला! विधानसभेत प्रश्न आला, मंत्री वस्तीत आला, उत्तमरावाचा ठेका गेला. टँकर तपासल्याशिवाय पाणी भरायचं नाही असा हुकूम निघाला. जनकाबाईची जयमाला परत आली नाही, पण ती घाणीनं मेली असं म्हणायची कोणाची छाती उरली नाही.

उत्तमराव गप्प बसणारा नव्हता. त्यानं 'मेल'वर अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि त्याची माणसं वार्ताहर कोण ते हुडकत फिरू लागली. नागपूरहून शालिग्राम साहेब आणि पेपरचे वकील आले. सर्किट हाऊसच्या खोलीत जानरावांना बसवून साहेब म्हणाले, "बातमी मी लिहिली असं मी कोर्टात सांगतो. तुम्ही फक्त विक्रेते. नागपूरला येऊन माझं कोण काय वाकडं करणार? तुम्हाला मात्र इथंच राहायचंय, घरी बायको आहे. खटला निपटला की तुमचं नाव छापून सगळ्या जगाला सांगू. माझा शब्द!" आता हे खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्या दिवशी त्या माणसाच्या मनात खरंच दया असेल. दयेनंच गळा कापला जातो कधीकधी.

वकिलानं प्रतिज्ञापत्र समोर ठेवलं. 'मी प्रॉव्हिन्स मेलचा केवळ विक्रेता आहे. मी कधीही बातमी पाठवलेली नाही. बातमी लिहिण्याइतकं इंग्रजी मला येत नाही.' मसुदा वकिलानं घाईत खरडला होता, आणि त्यातलं गचाळ इंग्रजी जानरावांना बघवेना. मला इंग्रजी येत नाही हे सांगणारी दोन वाक्यं त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिली, आणि मग खाली झोकदार सही केली! आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले, पण धोंडा घासूनपुसून मारणारा हा एकच. घरी येऊन बातम्यांच्या सगळ्या कार्बन कॉप्या, कात्रणं त्यांनी वकिलाच्या सांगण्यावरून चुलीत घातली. सिंधूताईंनी त्याच जाळावर भाकरी टाकल्या. रडत टाकल्या.

खटला चालला अकरा वर्षं. तोवर जानरावांकडून बातमी घेणं शक्यच नव्हतं, कारण ते लिहितच नव्हते ना, कोर्टात सही होती! 'मेल'नं दुसरा वार्ताहर नेमला. पेपर वाटण्याचं काम तेवढं चालू राहिलं. टँकरच्या बातमीला दिल्लीचा पुरस्कार मिळाला, तो शालिग्राम साहेबांनी घेतला. न घेऊन करणार काय, बातमी त्यांची नाही म्हटलं तर कोर्टात खोटं बोलले ठरतील. पहिल्या वर्षी त्यांचं पत्र आलं, मनाला लागलं वगैरे. दुसऱ्या वर्षी दिवाळीचं कार्ड. मग तेही नाही. पुढं ते संपादक झाले, त्या बातमीवर भाषणं द्यायला गावोगाव जाऊ लागले. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी दुसरं काय असतं? सत्त्याण्णवमध्ये उत्तमराव मेला, खटला विझला. जानराव नागपूरला गेले तेव्हा शालिग्राम साहेब निवृत्त होऊन लेकाकडं परदेशी निघून गेले होते, आणि तिथंच पुढं वारले. नव्या संपादकानं रजिस्टर मागवलं. "जानराव... हो, आहेत ना. एजंट. काय, गठ्ठा उशिरा येतो का?" जानराव म्हणाले, "नाही साहेब. येळेवर येते." आणि उठून आले.

पुढं अठ्ठावीस वर्षं गेली. यंदाच्या दिवाळीआधी 'मेल'च्या शंभर वर्षांचा इतिहास लिहिणारी पूनम नावाची मुलगी नागपूरहून गाडी घेऊन देऊळघाटात आली. चांगली मुलगी, पाया पडली, सिंधूताईंच्या हातचा चहा बशीत ओतून प्यायली. म्हणाली, "काका, जिल्ह्याजिल्ह्यातल्या जुन्या विक्रेत्यांवर एक प्रकरण आहे. तुमचा सायकलसोबत फोटो काढायचाय."

जानरावांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. सगळं सांगितलं. रांजण, टँकर, गॅरेज, सर्किट हाऊस. वय सहासष्ट, पण बातमीचा पहिला परिच्छेद इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवला. शेवटी म्हणाले, "मले पुरस्कार नाही पाहिजे, काही नाही पाहिजे. शंभर वर्साच्या पेपरात माहं नाव एकडाव छापून येऊ द्या. त्या बातमीच्या खाली. बस."

पूनमनं पिशवीतून एक झेरॉक्स काढून पुढं ठेवली. "काका, ऑफिसच्या दप्तरात तुमच्या नावाचा हा एकच कागद आहे." तेच प्रतिज्ञापत्र. तीच झोकदार सही. बातमी लिहिण्याइतकं इंग्रजी मला येत नाही.

"थे खोटं हाय!" सिंधूताई दारातून कडाडल्या. "चुलीत घातल्या त्यायनं साऱ्या बातम्या, त्याच जाळावर म्या भाकरी टाकल्या, या हातानं!"

"माझा विश्वास आहे, काकू," पूनम म्हणाली. "पण इतिहासाचं पुस्तक तपासणारी कमिटी म्हणेल, पुरावा द्या. घरच्यांची साक्ष चालणार नाही. तुम्हाला लिहिताना, विचारताना पाहिलेलं बाहेरचं कोणी आहे का? त्यांचं म्हणणं मी रेकॉर्ड करून घेते. तेवढं असलं तर मी भांडीन."

जानराव ताडकन उठले. "हाय! जनकाबाई हाय. जिती हाय अजून." घाईत सदऱ्याची बटणं खालीवर लागली, ती सिंधूताईंनी नीट लावून दिली. गाडीत वाटभर ते पूनमला सांगत राहिले, जनकाबाई कशी बोलली, पाण्याच्या वासाचं ते वाक्य आपण जसंच्या तसं कसं उतरवलं. इतकं ते वर्षभरात बोलले नसतील.

जनकाबाई अंगणात सोयाबीन पाखडत होती. सत्त्याहत्तरची, पाठीत वाकलेली, डोळे मात्र शाबूत. जानरावांना पाहून तिचा चेहरा फुलला. मग मागं उभी असलेली गाडी दिसली, शहरातली बाई दिसली, बाईच्या हातातला पुढं धरलेला फोन दिसला. तिनं सूप खाली ठेवलं.

"आजी, या काकांना ओळखता?" पूनमनं विचारलं.

"ओयखतो ना. पेपरवाला हाय थो. देऊळघाटचा."

"तुमची मुलगी गेली तेव्हा हे इथं आले होते?"

"आला होता. पेपर इकाले."

जानराव हसले. "काय बोलून राह्यली जनकाबाई? वस्तीत इंग्रजी पेपर कोन घेत होतं? म्या तुले इचारलं नव्हतं, पान्याले वास कसा येत होता म्हून?"

"तू कायले इचारशीन? इचारनारा नागपूरचा साहेब होता," जनकाबाई फोनकडं बघत म्हणाली. "जीपगाडीत आला होता. गोरापान. सोनेरी काडीचा चष्मा होता त्याले. त्यानं इचारलं, त्यानंच लिवलं. ह्यो बिचारा पेपर वाटते, ह्याले काय येते?"

सोनेरी काडीचा चष्मा ऐकला आणि जानराव ओळखून चुकले. हे शब्द त्यांचेच होते. शहाऐंशीच्या पावसाळ्यात, उत्तमरावाची माणसं घरोघर विचारत फिरत होती तेव्हा, याच अंगणात बसून त्यांनी वस्तीला हे शिकवलं होतं. खरं वाटावं म्हणून चष्मा त्यांनी मनानं घातला होता, सोनेरी काडीसुद्धा. वर बजावलं होतं, कोणी बी येवो, गाडीतून येवो, गोड बोलो, मले पुढं घालून आणो, तरी हेच सांगजा. नाही तं मले मारून टाकतीन. वस्तीतली बाकीची माणसं मरून गेली, विसरून गेली. जनकाबाई विसरली नव्हती.

"जनकाबाई, आयक," जानराव तिच्यापुढं उकिडवे बसले. "खटला कवाच खतम झाला. उत्तमराव मेला, त्याले अठ्ठावीस वर्स झाले. आता काही भेव नाही. ह्या बाईले खरं सांग. म्याच लिवलं ना?"

जनकाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू कोणी तरी त्यांच्या मानेवर सुरी ठेवून हे बोलवून घेत आहे. मग ती पूनमकडं वळली. ताठ झाली. "बाई, त्याच्या मांगं नोका लागू. गरीब मानूस हाय. त्यानं काही लिवलं नाही. माह्या जयमालाची आन घेऊन सांगतो."

पूनमनं फोन खाली केला आणि जानरावांकडं पाहिलं. त्यांनी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं, की बाई खोटं बोलते, मीच तिला हे शिकवलं. ओठावर आलंही असेल. पण ते बोलायचं म्हणजे मेलेल्या लेकराची शपथ खोटी पाडायची, आणि तीही फोनमध्ये, नागपूरच्या कमिटीला ऐकवायला. जानराव गुडघ्यावर हात टेकून उठले.

"लिहा मॅडम," ते म्हणाले. "विक्रेता लिहा."

"काका, तुम्हाला खरंच..."

"बाई खरं सांगून राह्यली. लिहा."

पूनम गाडीकडं गेली. जानराव निघाले तशी जनकाबाई काठी टेकत मागं आली, कुंपणापाशी तिनं त्यांचा हात धरला आणि पूनमला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "भिऊ नको भाऊ. तुहं नाव म्या मरेस्तोवर कोनाले सांगत नाही."

जानरावांनी मान हलवली. "हाव," ते म्हणाले, "लय उपकार झाले, माय."